दोन दिवस आराम

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आमच्या मुलीनं आम्हाला विश्रांती भेट दिली. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि तिथून आमची काळजी करते. भेट ठरवताना आमचं मत घेण्याची पद्धत तिनं ठेवलेली नाही. समुद्रकिनाऱ्यावरचं रिसॉर्ट, शनिवार ते सोमवार, तीन माणसं, दोन्ही वेळचं जेवण धरून.

"बाबा, ह्याला स्टेकेशन म्हणतात," ती फोनवर म्हणाली. "सुट्टीवर जायचं, पण गाव सोडायचं नाही."

"मग घरीच का राहू नये?"

"कारण घरी तुम्ही आराम करत नाही."

रिसॉर्ट आमच्या घरापासून टॅक्सीनं वीस मिनिटांवर आहे. त्याच्या लांबलचक भिंतीला लागून मी अकरा वर्षं ऑफिसला जातोय. भिंतीवरून नारळाचे शेंडे दिसतात आणि मधूनच कुणीतरी पाण्यात पडल्याचा आवाज येतो. आत लोक आराम करतात एवढं मला ऐकून माहीत होतं.

प्रश्न फक्त आईला सांगण्याचा होता.

आमच्या घराण्यात कुठलीही गोष्ट सरळ सांगायची पद्धत नाही. कुत्रा म्हातारा झाला तेव्हा तो 'मोकळ्या हवेत राहायला' गेला. मला नवव्या वर्षी वसतिगृहात टाकलं तेव्हा 'मामाबरोबर जरा फिरून ये' असं सांगितलं होतं. मामानं खरंच फिरवलं, आणि फिरवत फिरवत वसतिगृहाच्या फाटकाशी आणून सोडलं. आत्याचं लग्न मोडलं तेव्हा ती 'चार दिवस बदल म्हणून' आली आणि बावीस वर्षं राहिली. कुणाला काही विचारायचं नसतं, कारण सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. पुढे मी विमा कंपनीत लागलो आणि दावे नाकारल्याची पत्रं लिहू लागलो. 'आपला दावा पुढील विचारार्थ आमच्याकडे सुरक्षित आहे' हे वाक्य माझं आहे. साहेबांनी ते सगळ्या शाखांना पाठवलं. लोकांना वाटतं मला भाषेची देणगी आहे. देणगी कसली, घरचं वळण.

चार वर्षांपूर्वी बाबांना इस्पितळात न्यायची वेळ आली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी बाबांना सांगितलं नाही. मी म्हणालो, "बाबा, दोन दिवस आराम. जागा छान आहे. खोलीतून झाडं दिसतात." आई शेजारीच उभी होती. बाबा नवव्या दिवशी गेले. झाडं दिसत होती, एवढं मात्र खरं.

आणि हे सगळं आपल्याच हातून घडलेलं असताना मी मंगळवारी संध्याकाळी आईच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "आई, शनिवारी जाऊ या जरा. दोन दिवस आराम. जागा छान आहे. खोलीतून समुद्र दिसतो."

आई चष्मा पुसत होती. पुसायची थांबली. मग दुसरी काच पुसायला घेतली.

"कुठंशी आहे?"

"जवळच. वीस मिनिटं."

"जवळ आहे ते बरं," आई म्हणाली. "चार दिवस आहेत. पुरेत."

"कशाला पुरेत?"

"आवरायला."

दोन दिवसांच्या प्रवासाला चार दिवस आवरणं हे मला आईच्या वयाला शोभेलसं वाटलं. मी पेपर वाचायला गेलो.

त्या चार दिवसांत आईनं गॅलरीतल्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. शिंप्याकडे पडून राहिलेले कपडे आणवले. माझ्या बायकोला स्वयंपाकघरात उभं करून गिझर कुठे थोपटला की चालू होतो, कुठला डबा उघडताना कसा धरायचा, पाण्याच्या टाकीचा खटका कधी पाडायचा हे सगळं दोनदा समजावून दिलं. बायको सकाळी आठला घर सोडते आणि सातला येते, तेव्हा तिला ही माहिती नवीनच होती. ती खूश झाली. शुक्रवारी बॅग बाहेर आली. तपकिरी, दोन पट्ट्यांची, उचलायला दोन माणसं लागतील अशी.

"अहो आई, दोन दिवसांना एवढं?"

"असू दे गं. मागाहून आणायला नको कुणाला."

टॅक्सीवाल्यानं बॅग उचलली आणि विचारलं, "परदेशी का?" आई हसली. संपूर्ण रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत होती. ज्या रस्त्यानं ती चाळीस वर्षं भाजी आणते त्या रस्त्याकडे इतकं काय बघायचं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

रिसॉर्टच्या दारात पांढऱ्या कपड्यातला मॅनेजर हात जोडून उभा होता. त्यानं आधी सरबत दिलं आणि मग फॉर्म. नाव, वय, आजार, औषधं, काय चालत नाही, आणीबाणीत कुणाला कळवायचं. आईनं शेवटच्या रकान्यात माझा नंबर घातला आणि खात्री करण्यासाठी मला मोठ्यानं वाचून दाखवला. मग प्रत्येकाच्या मनगटाला एक निळी पट्टी. पट्टी एकदा बसली की कापल्याशिवाय निघत नाही. बाबांच्या मनगटालाही तशीच होती. फक्त ती पांढरी होती.

मुलीनं नोंदणी करताना 'ज्येष्ठ पाहुणे' ह्या चौकोनात खूण केली होती. मुलगी आहे, काळजी करते. त्या एका खुणेमुळे आईला तळमजल्यावरची खोली मिळाली. न्हाणीघरात धरायला दांड्या, पलंगाला कठडा, उशाशी दोरीला लटकवलेली घंटा. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर.

"आता तुम्ही अगदी निर्धास्त व्हा," मॅनेजर मला म्हणाला. "आजी आता आमची जबाबदारी."

"माझा काही त्रास व्हायचा नाही हो," आई त्याला म्हणाली. "पहाटे उठायची सवय आहे, पण मी आवाज करत नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत तिच्या नजरेचे जे प्रकार मी ओळखायला शिकलो त्यांत हा नव्हता.

खोलीत आल्यावर तिनं दार लावलं. "अहो, आईंना वाटतंय, आपण त्यांना इथं ठेवायला आणलंय."

"भलतंच काय!"

"तुम्ही त्यांना काय सांगितलं होतंत? शब्द न् शब्द सांगा."

मी सांगितलं.

"आणि बाबांना काय सांगितलं होतंत?"

मी तेही सांगितलं. ती पलंगावर बसली. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता, तो तिच्याखाली गेला.

"ती पुस्तिका कुठंय?" तिनं विचारलं.

ह्या पुस्तिकेचं सांगायला हवं. चार महिन्यांपूर्वी आई नळ उघडा ठेवून बाजारात गेली आणि खालच्या घरात छतातून पाणी गळलं. पंधरा दिवसांनी गॅस. दोघंही दिवसभर बाहेर. मी एका वृद्धनिवासाची पुस्तिका घेऊन आलो होतो. फक्त चौकशी. आम्ही दोघांनी ती एकदा वाचली, एकमेकांकडे न बघता मिटली, आणि तो विषय पुढील विचारार्थ सुरक्षित ठेवला.

"माझ्या टेबलाच्या खणात आहे."

"नाहीये. मी परवाच बघितलं."

"मग ऑफिसात असेल."

"खाली जा आणि खरं काय ते सांगा."

"खरं तेच तर सांगितलंय तिला!"

"हाच तर तुमच्या घरातला घोळ आहे," बायको हंसाला बाहेर काढत म्हणाली. "इतकी वर्षं इतकं गोड खोटं बोलून ठेवलंत की आता खरंही त्याच आवाजात निघतं."

मी खाली गेलो. आईनं सामान लावून टाकलं होतं. कपाटात कपड्यांच्या घड्या, टेबलावर औषधांचे डबे, टीव्हीच्या शेजारी बाबांचा फोटो. पलंगावर घरची उशी. रिसॉर्टच्या चार उशा तिनं एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवल्या होत्या, दुसऱ्याच्या वस्तू ठेवतात तशा.

"घंटा वाजवून बघितली," ती म्हणाली. "दोनदा. दोन्ही वेळा लगेच आले. माणसं तत्पर आहेत रे."

"आई, आपण सोमवारी घरी जाणार आहोत. तिघंही."

"हो रे. जाऊ की."

हा सूर मला माहीत होता. मुलगी लहान असताना चंद्र हवा म्हणून रडायची तेव्हा आई तिला ह्याच सुरात म्हणायची, देऊ की.

"खरंच जाणार आहोत."

"मी कुठं नाही म्हटलं?"

"तुझी शपथ."

"शपथा नकोत," आई पटकन म्हणाली. "तेवढं नको करूस."

आमच्या घरात नाही म्हणणं म्हणजे हो म्हणणं, आणि दोनदा नाही म्हणणं म्हणजे तारीख ठरलेली असणं. मी आत्तापर्यंत तीनदा म्हणून बसलो होतो.

रविवारी सकाळी आराम सुरू झाला. रिसॉर्टमध्ये आरामाचं वेळापत्रक असतं आणि ते लिफ्टमध्ये लावलेलं असतं. साडेआठला पोहण्याच्या तलावाकाठी 'खुर्चीवरचा व्यायाम' होता. एक धडधाकट बाई माइकवर आकडे मोजत होती आणि सहा-सात म्हातारी माणसं खुर्चीत बसून हात वर करत होती. आई आपण होऊन जाऊन बसली. मी मागे उभा राहिलो. शेजारच्या खुर्चीत फुलाफुलांची टोपी घातलेल्या एक बाई होत्या.

"नवीन का?" टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

"काल आले," आई म्हणाली. "तुम्ही?"

"मला तीन आठवडे झाले. घराला रंग काढलाय ना. वास सोसत नाही मला. मुलगा म्हणाला, रंग वाळला की न्यायला येतो."

आईनं हात वर केले, खाली घेतले. "कितीसं मोठं आहे घर?"

"दोन खोल्या."

आईनं हात लांबवून टोपीवाल्या बाईंच्या हातावर थोपटलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अशी हसली की काळजी करू नकोस, न्यायला कधी येणार असं मी विचारणार नाही.

मी मॅनेजरला गाठलं. म्हटलं, माझ्या आईला जरा समजावून सांगाल का, की हे रिसॉर्ट आहे, लोक येतात आणि जातात. तो अनुभवी माणूस होता. लगेच आला, आईपुढे गुडघ्यावर बसला. "आजी, हे तुमचं घरच समजा. इथून कुणाला जावंसंच वाटत नाही!"

"दिसतंयच," आई म्हणाली.

नाश्त्याला पपई होती, टोस्ट होता, आणि पाच प्रकारचे रस. आईनं आपल्या ताटातला टोस्ट अर्धा मोडून बायकोला दिला. "तू खा. तुला उद्यापासून घाई असेल." बायकोनं तो टोस्ट हातात धरून ठेवला. खाल्ला नाही आणि खालीही ठेवला नाही.

मग आम्ही समुद्रावर गेलो. तिथं मला घटकाभर वाटलं की सुटलो. आईनं चपला काढल्या, काठावर उभी राहिली, लाट आली आणि पावलांखालची वाळू सरकली तेव्हा तिनं किंचाळून बायकोचा दंड धरला. "अगं, ओढतोय की हा!" आणि हसली. खरोखरीचं हसली, खांदे हलवत, बाबा असताना हसायची तसं. दुसरी लाट, तिसरी लाट. बायकोही हसत होती. मी दोघींचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं: 'बघा! सांगितलं नव्हतं?' खाली तीन हृदयं.

लाल टोपीचा जीवरक्षक उंच शिडीवर बसला होता. आई त्याच्यापाशी गेली.

"रोज येऊ देता का हो इथं?"

"रोज, आजी. सकाळी सात ते अकरा, दुपारी चार ते सहा."

"सोबत कुणी लागतं?"

"मी असतो ना."

आईनं मान हलवली. त्या वेळा तिनं मनात नीट लिहून घेतल्या हे मला तिच्या ओठांवरून दिसलं.

दुपारी तिनं मला खोलीत बोलावलं. "एकटाच ये" म्हणाली. छोट्या गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या होत्या. समोर समुद्र, जाहिरातीत असतो तेवढाच निळा. आईनं पर्समधून घडी घातलेला कागद काढून मांडीवर उलगडला. ती पुस्तिका होती. तिला चमच्यांच्या गोल खुणा पडल्या होत्या.

"खणातले कागद बदलत होते तेव्हा सापडली. छान जाड कागद आहे. चमच्यांच्या खणात घातली होती." तिनं बोटानं फोटो दाखवला. "ह्यात झाडं डावीकडे आहेत बघ. इथं उजवीकडे आहेत. छापताना फोटो उलटा झाला असेल, नाही?"

"आई, ती जागा वेगळी आहे."

"असं होय."

तिनं पुस्तिकेवरच्या चमच्यांच्या खुणा बोटानं सपाट केल्या. मग म्हणाली, "मी तुम्हा लोकांना कधी काही विचारलं नाही. ह्यांनाही नाही, तुलाही नाही. आता एकच विचारते, आणि तू सांगशील ते मी धरून चालेन. ही पुस्तिका कुणासाठी आणली होतीस?"

असं आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. किमान माझ्यादेखत नाही. माझं तोंड उघडलं. बावन्न वर्षांचा मी, पदवीधर, विभागाचा उपप्रमुख. खरं सांगायला चार शब्द पुरले असते, आणि तिनं ते धरून चालण्याचं कबूलही केलं होतं.

"ऑफिसातल्या एकासाठी," मी म्हणालो. "त्याची आई असते एकटी."

शब्द आपोआप बाहेर पडले. मी त्यांना जाताना पाहिलं.

आईनं पुस्तिकेची पहिल्यासारखी घडी घातली. "हो का," ती म्हणाली. "बिचारी."

वर आलो तेव्हा बायको गॅलरीत उभी होती. "काय झालं?" मी सांगितलं. खाली कुणीतरी तलावात उडी मारली.

"पंचवीस वर्षं," ती शेवटी म्हणाली, "आणि मला अजून आश्चर्य वाटतं. परत जा."

मी परत गेलो. आई त्याच खुर्चीत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. "आई, ती तुझ्यासाठीच आणली होती. पण ठरवलं काही नव्हतं. भीती वाटली म्हणून आणली. नळ, गॅस, ते सगळं. नंतर विषयच सोडून दिला. आणि ही ती जागा नाही. हे फक्त रिसॉर्ट आहे. उद्या आपण घरी जातोय."

आयुष्यात पहिल्यांदा मी इतकी सरळ वाक्यं एका दमात बोललो होतो. मला धाप लागली.

आई उठली. माझ्या गालावरून हात फिरवला. पट्टीची प्लॅस्टिकची कड गालाला लागली.

"सांगितलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "इतका त्रास करून घेऊ नकोस रे. माझी काही तक्रार नाही. समुद्र आहे, माणसं चांगली आहेत, आणि वीस मिनिटं म्हणजे काय लांब का? रविवारी येत जा. दर रविवारी नको, तुलाही विश्रांती हवी."

मी तिथंच दुसऱ्या खुर्चीत बसलो. तिनं मला बिस्कीट दिलं. मी खाल्लं.

सोमवारी सकाळी आम्ही तिची बॅग भरायला गेलो तेव्हा तिनं आमच्या दोघांच्या हातात एक एक पाकीट ठेवलं. माझ्या पाकिटात घराच्या किल्ल्या होत्या, तिच्या जुडग्यातल्या; बायकोच्या पाकिटात गिझर आणि टाकीच्या खटक्याच्या सूचना लिहिलेला कागद. बायकोनं कपाट उघडलं आणि कपडे भरायला घेतले. आई बघत राहिली. "अगं, हे कशाला काढतेस?" मग टॅक्सी आली, बॅग डिकीत गेली, आई मागच्या सीटवर बसली. मला वाटलं, चला, आता तरी. डोळ्यांनी बघितल्यावर माणूस आणखी काय मागणार?

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा आई हळूच म्हणाली, "जागा रिकामी नाही का झाली अजून?"

"आई, जागेचा प्रश्नच नाही!"

"बरं बरं. चिडू नकोस. होईल."

घरी जिन्यात शेजारीण भेटली. तिच्या दाराबाहेर मांडलेल्या आमच्या कुंड्यांकडे बघून आधी ओशाळली, मग म्हणाली, "काय हो, कशी झाली सहल?"

"छान," आई म्हणाली. "बघून आले सगळं. पसंत आहे मला. कुंड्या राहू देत तुमच्याकडेच."

ह्या गोष्टीला सात आठवडे झाले. तपकिरी बॅग आईच्या खोलीत दाराशेजारी उभी आहे, पट्ट्या आवळलेली. मी दोनदा उघडून सामान कपाटात लावलं. दोन्ही वेळा संध्याकाळी ते परत बॅगेत होतं, आधीपेक्षा नीट. लागेल तेवढं ती वरच्या कप्प्यातून काढते आणि धुऊन, वाळवून परत ठेवते. नळ आता ती तीन-तीनदा तपासते आणि गॅसला हात लावायचा असला तर आम्हाला विचारते. खाली गळतीचं नाव नाही.

निळी पट्टी तिच्या मनगटावर अजून आहे. मी एकदा कात्री घेऊन गेलो.

"राहू दे," ती म्हणाली. "पुन्हा घालायचा त्यांना त्रास."

मुलीचा काल फोन आला होता. पुढच्या वर्षीचं आताच नोंदवलं तर सवलत आहे म्हणाली. आईनं फोन हातात घेतला, मनगटावरची पट्टी जरा वर सरकवली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी? तोवर नाही का जागा रिकामी होणार?"